पोरे मास्तरांचा नवा कारागीर

कसबा पेठेत ‘पोरे लेडीज टेलर्स’ या पाटीखाली बापूराव पोरे चव्वेचाळीस वर्षं उभे राहिले. बसून कटिंग होत नाही, असं त्यांचं मत. बसून होतात त्या गप्पा. दुकान आठ बाय बारा. त्यात कटिंगचं टेबल, शिलाई मशीन, मशीनवर सोनबा, गिऱ्हाइकांसाठी दोन स्टुलं, मागे ब्लाउज घालून बघायला पडद्याआडचा कोपरा आणि भिंतीवर खिळ्यांची रांग. बाकी सामान नाही. सामान वाढलं की माणूस काम सोडून सामान शोधत बसतो.

दिवाळीची गर्दी ओसरली आणि बापूरावांचा उजवा हात थरथरायला लागला. आधी चहाच्या कपाला कळलं, मग खडूला. सरळ रेघ मारायला जावं तर ती ओढ्यासारखी वळणं घेत जाई. डॉक्टर म्हणाले, वयाचं आहे, गोळ्यांनी कमी होईल. कमी झालं. कप त्यातून सुटला, खडू सुटला नाही.

सोनबा एकोणतीस वर्षं शिवत होता. रेघ दिसली की तो रेघेवरून जाणार, केसभर इकडेतिकडे नाही. रेघ नसली की हात मांडीवर ठेवून बसणार. मापावरून कापड आखणं त्याला आलं नाही आणि त्याने शिकूनही घेतलं नाही. “एका दुकानात मास्तर एकच असावा,” असं तो म्हणे. हा मान की आळस, हे बापूरावांना एकोणतीस वर्षांत ठरवता आलं नव्हतं. दुसरा कटिंग मास्तर ठेवावा तर मिळत नाही. मिळतो तो एसी आहे का विचारतो.

म्हणून बापूरावांनी ठरवलं होतं की हातातलं काम संपवायचं आणि गुढीपाडव्याला शटर ओढायचं. हे फक्त बायकोला, हिराबाईंना, सांगितलं होतं. सोनबाला सांगायचं धाडस झालं नव्हतं. सत्तावन्न वर्षांचा माणूस. मशीनवरून उठवला तर जाणार कुठे?

पण हातातलं काम साधं नव्हतं. सदाशिव पेठेतल्या मथुराबाई केतकर आपल्या नातवाच्या लग्नासाठी पैठणीचा ब्लाउज पीस टाकून गेल्या होत्या. पीस एकच. चुकला तर बाजारात दुसरा मिळणार नाही, कारण पैठणी तीस वर्षांपूर्वीची. मथुराबाई शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेल्या. बत्तीस वर्षांचं गिऱ्हाईक. लग्न सोळा दिवसांवर. त्यांचा ब्लाउज बिघडला तर संध्याकाळपर्यंत कसबा आणि सदाशिव या दोन्ही पेठांना कळलं असतं की मास्तरांचा हात गेला. पाडव्याची वाट बघायची गरजच उरली नसती.

हाताची ही गोष्ट निशाने त्यांच्याकडून काढून घेतली. निशा म्हणजे बापूरावांच्या बहिणीची मुलगी. खराडीच्या कंपनीत नोकरी, आठवड्यातले तीन दिवस घरून काम. घरून काम म्हणजे काय हे बापूरावांना नीट कळलं नव्हतं, पण ते मामाच्या दुकानातूनही करता येतं आणि मधल्या वेळेत मामीच्या हातचं जेवता येतं, एवढं लक्षात आलं होतं. दुपारी शटर अर्धं खाली असताना ती लॅपटॉप घेऊन कटिंगच्या टेबलाशी बसली.

“मामा, एआयला सांगूया ना. मापं टाकली की ब्लाउजचा फर्मा काढून देईल, असा प्रोग्राम तो लिहून देईल. आपण कागदावर प्रिंट काढायची, कागद कापडावर ठेवायचा. सोनबाकाका कडेने कापतील.”

“तो कोण?”

“माणूस नाही रे. सहायक. कम्प्युटरमधला.”

“शिवलंय का कधी?”

“नाही. पण वाचलंय त्याने. सगळं वाचलंय.”

“वाचून आलेले तीन कारागीर मी ठेवले होते,” बापूराव म्हणाले. “एकही पोळा बघायला राहिला नाही.”

तरी बसू दिलं. निशाने टाइप केलं, पाच मिनिटांत प्रोग्राम आला, दहा मिनिटांत पडद्यावर फर्मा आला. बापूरावांनी चष्मा वर-खाली केला. सोनबा मशीनवरून उठून आला, वाकून बघितलं आणि म्हणाला, “मास्तर, गळ्यातनं डोकं आत कसं जाणार?”

“बघते हं,” म्हणून निशा पुन्हा टाइप करायला लागली. गळा मोठा झाला, खांदा गेला. खांदा आला, बाही एका हाताची झाली. दीड तास असा गेला. शेवटी त्या कम्प्युटरमधल्या कारागिराने गळा, खांदा, बाही सगळं ठेवलं आणि कोणी न सांगता पाठीला बदामाच्या आकाराचा गळा काढून दिला.

“मथुराबाईंना?” बापूराव म्हणाले.

सोनबा हसला. तो दुकानात हसल्याचं कोणाला आठवत नव्हतं.

“हा फारच गोंधळ घालतोय,” निशा वैतागली.

“तू त्याला काय सांगितलंस ते वाच.”

निशाने वाचलं. “गळा नीट कर, बाहीचं पण बघ, फिटिंग अजून चांगलं पाहिजे, आणि एकूणच जरा प्रोफेशनल वाटू दे.”

बापूरावांनी हातातला खडू टेबलावर ठेवला.

“सोनबाला मी असं सांगितलं असतं, तर त्याने ब्लाउजच्या जागी उशीचा अभ्रा शिवून दिला असता. आणि चूक त्याची नसती. नवा कारागीर आहे तो. हुशार आहे, पण आगाऊ. अशाला एका वेळी एकच काम सांगायचं. काय आहे, काय पाहिजे, आणि झालं का नाही ते कशावरून बघायचं. तीन गोष्टी. आणि कशाला हात लावायचा नाही, तेही सांगायचं. लिही मी सांगतो तसं.”

त्यांनी पडद्यावरची पाठ नीट बघितली, मग उभ्यानेच सांगायला सुरुवात केली. निशा टाइप करत गेली.

“पाठीचा भाग. डावी बाजू कापडाच्या घडीवर येते. तिथे शिलाई नसते. तू तिथेही शिलाईसाठी अर्धा इंच माया सोडली आहेस. घडी उघडली की पाठ एक इंचाने वाढते. तेवढ्याच बाजूची माया काढून टाक. बाकी बाजूंना हात लावू नकोस. झाल्यावर घडीपासून कडेपर्यंतची रुंदी सांग. ती साडेदहा इंच यायला पाहिजे.”

उत्तर आलं. निशाने वाचलं. “उत्तम निरीक्षण! तुम्ही अगदी योग्य मुद्दा मांडलात. घडीवरची माया काढली आहे. रुंदी आता साडेदहा इंच आहे.”

“निरीक्षण कसलं, चव्वेचाळीस वर्षं तेच करतोय. त्याला सांग, तारीफ नको. काम झालं की झालं म्हण.”

निशाने तसं लिहिलं. पुढचं काम खांद्याच्या उताराचं होतं. उत्तर आलं, “झालं. उतार पाऊण इंच.”

“शिकतो,” बापूराव म्हणाले. त्यांच्या तोंडून याहून मोठं कौतुक सोनबाने ऐकलेलं नव्हतं. त्याला ते फारसं आवडलंही नाही.

निशा कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याकडून प्रिंट घेऊन आली. कागद एकमेकांना चिकटवले, टेप लावला. साडेदहाची पाठ दहालाही पोचत नव्हती.

“खोटं बोलतोय की काय?”

“नाही मामा, तो बरोबर आहे. प्रिंटर पानात बसवायला सगळं थोडं लहान करतो.”

“म्हणजे कारागीर नीट आणि त्याचा फूट आखूड. मग लिही. प्रत्येक पानाच्या कोपऱ्यात बरोबर दोन इंचाचा चौकोन काढ. आपण आधी चौकोन मोजायचा. चौकोन चुकला तर पान फेकायचं. पुढचं बघायचंच नाही.”

निशा त्यांच्याकडे बघत राहिली. “मामा, तुला आमच्याकडे टेस्टिंगमध्ये नोकरी लागेल.”

“उभं राहायला देतात का?”

असे चार दिवस गेले. रोज एक ते चार. एक सांगायचं, एक छापायचं, एक मोजायचं, मगच पुढचं. निशाला तीन-तीन बदल एकदम सांगायची फार इच्छा होई. बापूराव टेबलावर पट्टी आपटत. बिघडलं तर तिघांपैकी कोणामुळे बिघडलं हे शोधायला कोण बसणार? जुना फर्मा ते फाडू देत नसत. तारीख टाकून खिळ्याला अडकवत. नवा चुकला तर कालच्या खिळ्यावर परत जायचं.

“ह्याला आमच्याकडे व्हर्जन म्हणतात,” निशाने सांगितलं.

“आमच्याकडे खिळा म्हणतात.”

तिसऱ्या दिवशी मुंढा, म्हणजे बाही जोडायची काखेची गोलाई, पाव इंच खाली घेतला. मुंढा वाढला, बाही होती तेवढीच राहिली. निशाने प्रोग्राम उघडून बघितलं, तर कारागिराने बाहीच्या गोलाईचा आकडा एकदा काढून तसाच टाकून ठेवला होता.

“असं कसं चालेल? एकाला उंच केलं तर दुसऱ्याची मान अवघडणार. लिही. बाहीचा आकडा हाताने टाकू नकोस. मुंढ्याची गोलाई मोज. बाहीची गोलाई तिच्यापेक्षा अर्धा इंच जास्त ठेव. मुंढा बदलला की बाही आपली आपण बदलली पाहिजे. पडताळा बघायला मुंढा मुद्दाम एक इंच वाढव, बाही किती झाली ते सांग, आणि मग होता तिथे परत आण.”

“झालं,” असं उत्तर आलं. खाली दोन्ही आकडे होते. त्याखाली एक प्रश्न होता. “छातीचं माप अंगालगत घेतलेलं आहे ना? त्यात ढिलाई आधीच धरलेली आहे का, की मी धरू?”

बापूरावांनी पट्टी खाली ठेवली. “मापाच्या वहीत आहे ते आहे. लिही, वहीतलं माप घे आणि नेहमीची ढिलाई धर.”

“पण तो नेमकं विचारतोय...”

“त्याला सांगितलं ना, एका वेळी एकच काम.”

सोनबाने मशीनला तेल घालायला घेतलं. तेल सकाळीच घातलं होतं.

पाचव्या दिवशी वहीतल्या मथुराबाईंच्या मापावर फर्मा निघाला. चौकोन बरोबर आला. सोनबाने मांजरपाटावर कागद ठेवला, कडेने रेघ मारली, कापलं आणि ब्लाउज शिवला. मांजरपाट वाया गेला तरी त्यासाठी कोणी रडत नाही. मथुराबाईंना फोन गेला. अकराला बोलावलं होतं, त्या अकराला आल्या आणि ब्लाउज घेऊन पडद्याआड गेल्या. दुकानात तिघंही उभे राहिले. आत बराच वेळ नुसती सळसळ चालली होती.

“बापूराव.”

“बोला.”

“तुमची हुकं आणि काजं एकमेकांना ओळखत नाहीयेत.”

“थोडं ओढून बघा बाई. नवं कापड आहे.”

“ह्यांना ओढून बेचाळीस वर्षं संसार केला. ब्लाउजला ओढणार नाही.”

त्या आपल्याच कपड्यांत बाहेर आल्या आणि मांजरपाटाचा ब्लाउज टेबलावर ठेवला. “कोणाच्या मापाचा आहे हा?”

“वहीतल्या तुमच्या मापाचा आहे.” हे खरं होतं, त्यामुळे बापूरावांना सांगता आलं.

“मग आजारी कोण आहे, वही की तुम्ही?”

बापूरावांनी उजवा हात पाठीमागे नेला. मथुराबाईंनी तो जाताना पाहिला. हाताबद्दल मात्र विचारलं नाही, त्यामुळे बापूरावांना जास्तच लागलं.

“शुक्रवारी येते. तेव्हा बसला तर बसला. नाही तर पीस परत द्या, लक्ष्मी रोडवर कोणी सापडेल. तिथले शिवतात वाईट, पण हुक लागतं.”

त्या गेल्यावर निशा लॅपटॉपवर तुटून पडली. प्रत्येक आकडा तपासला. मुंढा बरोबर, बाही बरोबर, माया बरोबर. सगळं बरोबर आणि ब्लाउज तीन इंच कमी. शेवटी तिने मामाच्या पद्धतीने लिहिलं. काय आहे, काय पाहिजे, काय तपासून झालंय. उत्तर आलं ते तिने मोठ्याने वाचलं.

“सगळं गणित पुन्हा तपासलं. दिलेल्या मापाप्रमाणे ते बरोबर आहे. याच मापावर आजवरचे ब्लाउज नीट बसत असतील, तर कापताना कोणीतरी काहीतरी वाढवत असावं. ते मला सांगितलेलं नाही. काय वाढवता?”

सोनबा मशीनखाली सुई शोधायला वाकला.

“मामा?”

“त्याला काय कळतंय.”

“तूच म्हणालास ना, कारागिराला सांगितलं नाही तर चूक त्याची नसते?”

बापूराव पहिल्यांदाच स्टुलावर बसले. सोनबाने मशीनखालून बघितलं आणि पुन्हा खाली वाकला.

गोष्ट अशी होती. दुकानाच्या दुसऱ्या वर्षी एका मुलीच्या ब्लाउजचं माप वहीत लिहिलं होतं. दुकान भरलेलं. मुलीच्या होणाऱ्या सासूने टेबलापलीकडून वही उलटी वाचली आणि आकडा मोठ्याने म्हटला. मुलगी रडत गेली, पुन्हा आली नाही. त्या दिवसापासून बापूराव वहीत दोन इंच कमी लिहायला लागले. गिऱ्हाइकाने वही वाचावी, खूश व्हावं. कापताना वाढवून कापायचं. पुढे कोणाला दोन पुरेनात. कोणाला अडीच, कोणाला तीन. वहीतला आकडा मात्र कोणाचाच हलला नाही. कसबा आणि सदाशिव पेठेतल्या बायका चव्वेचाळीस वर्षांत बापूरावांच्या वहीत जाड झाल्याच नव्हत्या.

“आणि कोणाला किती वाढवायचं हे लिहिलंय कुठे?” निशाने विचारलं.

“लिहिलं तर त्या वाचतील ना.”

“सगळं डोक्यात?”

“हातात,” बापूराव म्हणाले.

निशा सोनबाकडे वळली. “काका, तुम्हाला माहीत होतं?”

“रेघ बाहेर असायची, मी रेघेवर शिवायचो,” सोनबा मशीनखालून म्हणाला. “वही मी वाचत नाही.”

“मग मथुराबाईंचं माप नव्यानेच घेऊया.”

“त्या बत्तीस वर्षं छत्तीस आहेत. टेप लावला की आकडा विचारणार. काय सांगू?”

तेव्हा एकच वाट उरली. शटर खाली ओढलं आणि बापूराव वहीतलं एकेक नाव घेऊन खरं सांगायला बसले. हे काम त्यांना आखणी-कापणीपेक्षा जड गेलं. प्रत्येक नावाला ते आधी आवाज खाली आणत, मग आकडा सांगत. निशा टाइप करत होती. जेवणाचा डबा घेऊन हिराबाई मागच्या दाराने आल्या आणि दारातच थांबल्या.

“परांजपेबाई, छातीला अडीच, कमरेला तीन. गाडगीळांच्या सूनबाई, दीड आणि दोन. मथुराबाई, आधी दोन होते, निवृत्तीनंतर तीन, कमरेला अडीच...”

“आणि माझं?” हिराबाईंनी विचारलं.

बापूरावांचा चष्मा नाकावरून घसरला. “तुझं वहीत नाही.”

“का नाही?”

“पाठ आहे. लिहायचं कशाला?”

हिराबाईंनी यात काही खोट आहे का ते थोडा वेळ शोधलं. सापडली नाही. डबा ठेवून त्या गेल्या. सोनबाने त्या दिवशी दुसऱ्यांदा मास्तरांकडे आदराने पाहिलं. पहिल्यांदा कधी पाहिलं होतं ते त्यालाच ठाऊक.

यादी झाल्यावर बापूराव उठून उभे राहिले, म्हणजे कामाला लागले. “लिही. आतापर्यंत माप चुकीचं दिलं, चूक आमची. प्रत्येक नावापुढे वाढ नावाचा रकाना कर. छातीची वेगळी, कमरेची वेगळी. फर्मा काढताना वहीतल्या मापात ती वाढ मिळव. पानावर मात्र वहीतलंच माप छाप. पडताळा असा, मथुराबाईंची पाठ आता सव्वाअकरा यायला पाहिजे. बाकी कशाला हात लावू नकोस.”

“झालं. सव्वाअकरा. एक सुचवू का? पानावर माप छापूच नये. नाव, तारीख आणि भाग एवढं पुरेल. कापणाऱ्याला कागदाची कड लागते, आकडा लागत नाही. आणि मग चुकीचा आकडाही कोणाला दाखवावा लागणार नाही.”

बापूरावांनी ते निशाला दोनदा वाचायला लावलं.

“चव्वेचाळीस वर्षांत हे मला सुचलं नाही,” ते म्हणाले. “काढ आकडे.”

शुक्रवारी मथुराबाई आल्या. मांजरपाटाचा दुसरा ब्लाउज घेऊन पडद्याआड गेल्या. या वेळी आतून लगेच आवाज आला.

“ओळख झाली.”

निशाने टाळी वाजवली. बापूरावांनी तिच्याकडे बघितलं, तिने हात खाली घेतले.

“आता पैठणीला कात्री लावा,” मथुराबाई बाहेर येत म्हणाल्या. “माझ्यासमोर. त्याशिवाय मी हलणार नाही.”

टेबलावर पीस अंथरला. बाहीचा कागद जरीच्या काठावर, पाठीचा कागद घडीवर. मथुराबाईंनी चष्मा लावला आणि वर्गातली वही तपासावी तसे कागद तपासले.

“माझं नाव आहे, तारीख आहे. माप कुठंय?”

“आता आकडा छापत नाही बाई. नवी पद्धत.”

“का?”

बापूरावांच्या मनात दोन-तीन उत्तरं येऊन गेली. सगळी खोटी होती आणि सगळी तयार होती. पण गेले आठ दिवस ते उठता-बसता सांगत होते की काय आहे ते नीट सांगावं. तोंडाला तीच सवय लागली होती.

“छत्तीस खरं नाही,” ते म्हणाले. “तीन इंच जास्त आहे. मी कमी लिहायचो. आणि हा फर्मा मी आखलेला नाही. हात थरथरतो. कम्प्युटरने काढलाय, माझ्या सांगण्यावरून.” आणि त्यांनी उजवा हात टेबलावर ठेवला. तो थरथरत होता.

सोनबाने डोळे मिटून घेतले.

“बापूराव,” मथुराबाई म्हणाल्या, “मी पस्तीस वर्षं गणित शिकवलं. माझ्या घरी टेप आहे.”

“म्हणजे तुम्हाला...”

“पहिल्या ब्लाउजपासून. लक्ष्मी रोडवर खरा आकडा सांगतात, म्हणून तर इथे येते. हाताचं मात्र सांगायला हवं होतं. त्यात लाजण्यासारखं काय आहे? माझे दोन्ही गुडघे नवे आहेत.” त्यांनी कागदावर बोट ठेवलं. “आणि इथे आकडा छापा. छत्तीस. मला सवय झालीय.”

निशाने मामाकडे बघितलं. मामांनी मान हलवली. निशाने टाइप केलं. कारागिराने उत्तर दिलं, “झालं. ग्राहकाला ठाऊक असताना छापायला हरकत नाही.” झेरॉक्सवाल्याकडून छत्तीस छापून आलं, तेव्हा कुठे कात्री टेबलावर आली.

सोनबाने ती उचलली आणि पुन्हा ठेवली. “मास्तर, पैठणी आहे. माझ्याच्याने नाही होणार.”

“मांजरपाट कापलास ना?”

“तो मांजरपाट होता.”

बापूराव टेबलाला वळसा घालून त्याच्या शेजारी येऊन उभे राहिले. थरथरणारा हात खिशात घातला.

“सगळं एकदम कापायचं नाहीये. आधी पाठ. डावा हात कागदावर सपाट ठेव. हं. खालच्या कोपऱ्यातून सुरू कर. कात्री पूर्ण मिटू नकोस, मिटली की कापडाला दात पडतात. थांब. श्वास घे. आता कडेकडेने मुंढ्यापर्यंत. फक्त मुंढ्यापर्यंत. पुढचं मी सांगितल्यावर.”

सोनबा मुंढ्यापर्यंत गेला. थांबला. बापूरावांनी वाकून कड बघितली.

“झालं?” सोनबाने विचारलं.

“झालं. आता मुंढा. टेबलाभोवती तू फिर, कापड फिरवू नकोस.”

पाठ, पुढचे दोन भाग, दोन बाह्या. पाऊण तास लागला. मथुराबाई तेवढा वेळ उभ्या होत्या. नवे गुडघे असूनही बसल्या नाहीत, आणि बापूरावांनी ते लक्षात ठेवलं. शेवटचा भाग सुटा झाला तेव्हा सोनबाच्या सदऱ्याची पाठ ओली झाली होती. त्याने कात्री मास्तरांच्या बाजूला सरकवली. मास्तरांनी ती परत त्याच्या बाजूला सरकवली.

सोमवारी ब्लाउज तयार झाला. मथुराबाईंनी तो घालून बघितला, हात वर केले, वाकून बघितलं, आरशात पाठ बघितली आणि काही बोलल्या नाहीत. सदाशिव पेठेत याला पसंती म्हणतात. पिशवीत घालून पायरी उतरताना त्या वळल्या.

“पाडव्यानंतर नातसुनेचे चार ब्लाउज देईन म्हणते. तिचं माप नव्याने घ्यावं लागेल. चालेल ना?”

मशीन थांबलं. पाडव्याबद्दल हिराबाईंनी सोनबाला कधीच सांगून टाकलं होतं, हे बापूरावांना तेव्हा कळलं. सोनबा वर बघत नव्हता. त्याने सुईत दोरा ओवायला घेतला होता आणि दोरा आत जात नव्हता.

“द्या,” बापूराव म्हणाले. “फक्त मंगळवारी येऊ नका. मंगळवारी दुकान बंद असतं.”